नेटिव्ह कोण? : खिडकीतल्या खिडकीचा इतिहास

१

'नेटिव्ह' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो राज्यकर्त्यांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि आपण तो निमूटपणे संस्थांच्या पाट्यांवर रंगवला. मुंबईत बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी होती. पुण्यात १८४८ साली निघालेले आणि पुढे पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले गेलेले ग्रंथालय आरंभी नेटिव्ह जनरल लायब्ररीच होते. या शब्दात एक उतरंड गृहीत होती. नेटिव्ह म्हणजे इथलाच, पण सत्तेच्या दालनाबाहेर बसलेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची मांडणी केली तेव्हा ती उतरंड उलटी करण्याचा प्रयत्न झाला. इथले असणे ही उणीव नसून मूल्याची एक कसोटी आहे, असा त्या मांडणीचा आग्रह होता आणि त्यावरील वाद आपल्या वर्गांतून अजूनही चालू असतो.

संगणकाच्या परिभाषेत हाच शब्द तिसऱ्या अर्थाने वावरतो, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तिथे नेटिव्ह म्हणजे कार्यप्रणालीचे स्वतःचे, तिच्या घराण्यातले. नेटिव्ह बटण, नेटिव्ह मजकूरपेटी, नेटिव्ह व्ह्यू ही सारी राजघराण्यातील मंडळी होत. जे नेटिव्ह नाही ते एक तर नेटिव्हाची नक्कल करते, किंवा नेटिव्हाला आपल्या घरी पाहुणा म्हणून बोलावते. दुसऱ्या कोणाच्या चौकटीत, त्या चौकटीसाठी रचलेल्या एखाद्या जोडभागात म्हणजे प्लगइनमध्ये, कार्यप्रणालीचा अस्सल व्ह्यू आणून बसवायचा, या कृतीला गेल्या चार दशकांचा इतिहास आहे. तो प्रामुख्याने अमेरिकेत आणि युरोपात घडला. तरीही तो मराठीच्या अक्षरापर्यंत येऊन पोचतो आणि आम्हांला त्याची गाठ पडली ती तिथेच. म्हणून हा लेख.

२

आरंभ शब्दापासून करू. 'व्ह्यू' ही संज्ञा आज ज्या अर्थाने वापरली जाते तिचे श्रेय सामान्यतः त्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञाला दिले जाते. १९७८-७९ मध्ये ते कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पार्क या संशोधनकेंद्रात पाहुणे म्हणून होते. मोठ्या प्रकल्पांच्या नियोजनातील गुंतागुंतीची माहिती माणसाला हाताळता यावी, हा त्यांचा प्रश्न होता. डिसेंबर १९७९ मधील एका टिपणात त्यांनी मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी त्रयी मांडली. मॉडेल म्हणजे मूळ आशय, व्ह्यू म्हणजे त्याचे डोळ्यांसमोर येणारे एक रूप, आणि कंट्रोलर म्हणजे वापरणाऱ्याच्या हालचालींना वाट करून देणारा दुवा. एका आशयाला अनेक रूपे असू शकतात, हे या मांडणीचे मर्म होय. नाट्यसंहिता एक आणि प्रयोग अनेक, हे ज्यांना शिकवावे लागते त्यांना ही कल्पना समजायला अडचण पडू नये.

संज्ञा एक झाली तरी तिची घडण सर्वत्र एकसारखी झाली नाही. १९८५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती आणली. तिच्यात बटण, यादी, मजकूरपेटी ही प्रत्येक गोष्ट स्वतःच एक छोटी खिडकी होती. मोठी खिडकी ही आई आणि तिच्या पोटातल्या सगळ्या वस्तू तिची लेकरे. प्रत्येकीला कार्यप्रणालीकडून मिळालेला स्वतंत्र क्रमांक. १९८८ साली नेक्स्ट कंपनीने आपला संगणक दाखवला त्यात वेगळा विचार होता. तिथे खिडकी एकच. तिच्या आत व्ह्यूंचा एक वृक्ष. खिडकीची नोंद कार्यप्रणालीकडे असे, व्ह्यूंची नोंद मात्र केवळ त्या प्रोग्रामच्या मनात. प्रत्येक व्ह्यूने आपल्या वाट्याच्या आयतात आपले चित्र काढायचे, एवढाच त्याचा धर्म.

फरक इतक्यावर थांबत नाही. नेक्स्टची चित्रणपद्धती पोस्टस्क्रिप्ट या मुद्रणभाषेवर आधारलेली होती आणि म्हणून तिचा आरंभबिंदू खाली डाव्या कोपऱ्यात होता. भूमितीच्या वहीत असतो तसा, वर जाताना वाढणारा. विंडोजचा आरंभबिंदू वर डाव्या कोपऱ्यात, लेखनाच्या पहिल्या ओळीपाशी, खाली येताना वाढणारा. एका घराण्याचा व्ह्यू दुसऱ्या विचारसरणीच्या चौकटीत बसवताना आधी वर-खाली उलटे करावे लागते ते यामुळे. एका परंपरेने पडद्याकडे भूमितीचा कागद म्हणून पाहिले, दुसरीने लिहिण्याचे पान म्हणून. अशी गृहीतके एकदा पायात गेली की पुढच्या पिढ्यांना ती निसर्गनियमासारखी वाटू लागतात.

३

नेक्स्टच्या कथेत ज्याँ-मारी ह्युलो या फ्रेंच अभियंत्याचे नाव महत्त्वाचे आहे. फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेत असताना त्यांनी लिस्प भाषेत एक साधन रचले होते. पडद्यावरची बटणे आणि पेट्या प्रोग्राम लिहून निर्माण करण्याऐवजी हातांनी उचलून मांडाव्यात, अशी त्यामागची कल्पना. १९८६ मध्ये ते मॅकिंटॉशसाठी विक्रीला आले. पुढे ह्युलो नेक्स्टमध्ये गेले आणि त्या साधनाने इंटरफेस बिल्डर या नावाने नेक्स्टच्या संगणकावर नवा जन्म घेतला. याच संगणकावर आणि याच साधनाच्या साहाय्याने १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब-न्याहाळक लिहिला. त्यातले पान म्हणजे नेक्स्टच्या नेटिव्ह मजकूर-व्ह्यूचेच विस्तारलेले रूप होते. म्हणूनच त्या पहिल्या न्याहाळकात पान वाचता येत असे तसेच तिथल्या तिथे लिहिताही येत असे. पुढच्या न्याहाळकांनी स्वतःचे चित्रण स्वतः करायला घेतले आणि वाचक व लेखक यांच्यातली ती सहज वाट बराच काळ बुजली. एखाद्या माध्यमाच्या स्वभावावर त्याच्या पहिल्या घरातल्या सामानाचा किती परिणाम होतो, याचा हा नमुना समजावा.

इंटरफेस बिल्डरचे वेगळेपण असे की त्यात मांडलेल्या वस्तू चित्रे नव्हत्या. पेटीतून बटण उचलून खिडकीवर ठेवले की ते खरेखुरे जिवंत बटण असे. काम संपल्यावर साऱ्या वस्तू जशाच्या तशा गोठवून एका धारिकेत ठेवल्या जात आणि प्रोग्राम सुरू होताना त्या पुन्हा जाग्या होत. बाहेरच्या कोणाला स्वतःची नवी वस्तू या साधनात आणायची असेल तर 'पॅलेट' नावाचा जोडभाग लिहावा लागे. पॅलेट नसेल तर साधन एक राखाडी आयत दाखवी आणि त्यावर त्या वस्तूच्या प्रकाराचे नाव लिही: इथे अमुक येणार आहे. नाटकाच्या तालमीला नट आला नाही म्हणजे त्याच्या जागी खुर्ची ठेवून इतरांनी संवाद म्हणावेत, तसा हा प्रकार होता. पॅलेट लिहिले की नट स्वतः तालमीला हजर.

या जिवंतपणाची किंमतही होती. बाहेरून आलेला जोडभाग साधनाच्या स्वतःच्या प्रक्रियेत शिरून चालत असे. त्याच्या हातून चूक झाली तर सगळे साधनच कोसळे. १९९६ च्या डिसेंबरात ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केले, २००१ मध्ये मॅक ओएस टेन आली आणि हा सारा वारसा मॅकवर आला. २००७ साली इंटरफेस बिल्डरच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅलेटची जागा 'प्लगइन'ने घेतली. २०११ साली हे साधन एक्सकोड या मोठ्या साधनात विलीन झाले तेव्हा प्लगइनची सोय काढून टाकण्यात आली. ज्यांनी आपल्या वस्तूंसाठी वर्षानुवर्षे प्लगइन जोपासले होते त्यांच्या वाट्याला पुन्हा तालमीतली रिकामी खुर्ची आली. २०१४ मध्ये त्यांना थोडा दिलासा मिळाला. बाहेरची वस्तू वेगळ्या प्रक्रियेत चालवून तिचे केवळ चित्र आराखड्यात आणून दाखवण्याची सोय झाली. नट तालमीला आला, पण काचेपलीकडे बसून. ह्युलो यांचे २०१९ मध्ये निधन झाले.

४

विंडोजच्या बाजूने याच काळात घडलेली गोष्ट अधिक बाजारू आणि म्हणून अधिक व्यापक आहे. ॲलन कूपर यांनी रचलेला एक आराखडा मायक्रोसॉफ्टने १९८८ मध्ये विकत घेतला आणि त्यातून १९९१ च्या मे महिन्यात व्हिज्युअल बेसिक बाहेर आले. त्याच्या पेटीत नसलेली वस्तू बाहेरच्या माणसाने तयार करून त्यात घालावी, ही सोय त्यात होती. अशा जोडभागांना व्हीबीएक्स म्हणत. तक्ते, आलेख, दिनदर्शिका अशा वस्तू विकणाऱ्या लहान कंपन्यांचा एक उद्योगच त्यावर उभा राहिला. आतली वस्तू नेटिव्ह खिडकी असल्यामुळे ती चौकटीत बसवणे तुलनेने सोपे होते. आई कोण हे सांगायचे आणि आयत ठरवायचा.

परंतु व्हीबीएक्सची घडण सोळा बिटांच्या विंडोजशी बांधलेली होती. बत्तीस बिटांचे युग येताच तो सारा संसार जुना झाला. १९९३ च्या ओएलई दोनमध्ये एका दस्तऐवजात दुसऱ्या प्रोग्रामची वस्तू बसवून तिथेच ती हाताळण्याची कल्पना प्रत्यक्षात आली होती. अहवालातल्या तक्त्यावर दोनदा टिचकी मारली की भोवतालची मेनूपट्टी बदलून तक्त्याच्या प्रोग्रामची होई; पाहुणा यजमानाच्या दिवाणखान्यात स्वतःचा पडदा लावून बसे. त्याच पायावर ओसीएक्स आणि १९९६ मध्ये ॲक्टिव्हएक्स आले. ॲक्टिव्हएक्सने नेटिव्ह वस्तू थेट वेबपानात नेऊन बसवली. परक्याच्या पानात आपल्या संगणकाचे पूर्ण अधिकार असलेला पाहुणा बसवणे किती धोक्याचे आहे हे समजायला फार काळ लागला नाही, पण ती चूक निस्तरायला जवळजवळ दोन दशके गेली. २०१५ साली आलेल्या एज न्याहाळकात ॲक्टिव्हएक्सला जागा नव्हती.

५

आतापर्यंत यजमान आणि पाहुणा एकाच घराण्यातले होते. खरा पेच उभा राहिला तो यजमानानेच नेटिव्ह असणे नाकारले तेव्हा. १९९५ मध्ये जावा भाषा जाहीर झाली. एकदा लिहा आणि कुठेही चालवा, हे तिचे आश्वासन होते. पडद्यावरच्या वस्तूंसाठी तिने आरंभी प्रत्येक कार्यप्रणालीकडून तिची तिची नेटिव्ह वस्तू उसनी घेतली. साहजिकच सर्व घराण्यांत जे समान आहे तेवढेच वापरता येऊ लागले आणि तेही सर्वत्र थोडे वेगळे दिसू लागले. मग स्विंग हा दुसरा मार्ग आला. १९९८ च्या डिसेंबरात तो जावाच्या मूळ संचाचा भाग झाला. स्विंगने ठरवले की कोणाकडून काही उसने घ्यायचे नाही. एक रिकामी खिडकी तेवढी मागून घ्यायची आणि तिच्यात बटण, यादी, मजकूरपेटी सारे स्वतःच रंगवायचे. उसन्या वस्तूंना 'जड' आणि रंगवलेल्यांना 'हलक्या' अशी नावे पडली. जड आणि हलके एकाच खिडकीत ठेवले की जड नेहमी वर येई. रंगवलेला मेनू उघडावा आणि तो खालच्या जड वस्तूच्या मागे अर्धा दडावा, हे दृश्य त्या काळच्या जावा-प्रोग्रामरांच्या चांगल्या परिचयाचे होते. याला प्रत्युत्तर म्हणून आयबीएमच्या पुढाकाराने २००१ मध्ये खुल्या झालेल्या एक्लिप्सने पुन्हा नेटिव्ह वस्तूंचाच मार्ग धरला. नक्कल की उसनवारी, या प्रश्नावर एकाच भाषेच्या दोन पंथांत दीर्घ वाद चालला.

मायक्रोसॉफ्टच्या घरातही हे भांडण शिरले. २००६ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीएफ या रचनेने बटणांना खिडक्या मानणे सोडले आणि सारे स्वतः रंगवायला घेतले. जुनी नेटिव्ह खिडकी आत बसवण्यासाठी तिने एक खास यजमान-वस्तू दिली, परंतु एक नियमही घातला. पडद्यावरील प्रत्येक ठिपका एकाच सत्तेचा असेल. दोघांचे रंग एकमेकांत मिसळणार नाहीत. या नियमाला त्यांच्या दस्तऐवजांत 'एअरस्पेस', म्हणजे हवाई हद्द, असे म्हटले आहे. नकाशावरचा देश जसा सपाट असतो तसा हा आयत सपाट नाही. त्याच्या माथ्यावरचे आकाशही त्याचेच. यजमानाला त्यावर अर्धपारदर्शक सावलीसुद्धा टाकता येत नाही, त्याला गोल कोपरा देता येत नाही, तिरका करता येत नाही. राजकारणातली संज्ञा इथे आली आहे ती अलंकार म्हणून आलेली नाही. प्रश्न खरोखर सार्वभौमत्वाचा आहे.

क्यूट ही नॉर्वेत जन्मलेली रचना या दोन टोकांच्या मधली वाट चालत आली. ती वस्तू स्वतः रंगवते, पण रंगवताना त्या त्या कार्यप्रणालीचे रूप हुबेहूब वठवण्याची खटपट करते. २००८ च्या ४.४ आवृत्तीत तिने आतल्या वस्तूंना कार्यप्रणालीकडे नोंदवणेच बंद केले आणि अशा वस्तूंना 'एलियन', म्हणजे परके, असे नाव दिले. तिच्यासाठी कोणी स्वतःचा कंट्रोल प्लगइन म्हणून लिहिला आणि त्याच्या पोटात मॅकचा अस्सल व्ह्यू बसवायचा म्हटले, तर तिच्यात त्यासाठी वेगळे पात्र दिलेले होते. त्या पात्रात व्ह्यू ठेवायचा आणि ते पात्र परक्यांच्या रांगेत उभे करायचे. नेटिव्ह आणि एलियन हे दोन शब्द एकाच पानावर शेजारी शेजारी यावेत आणि परके कोण हे घराच्या मालकाने नव्हे तर पाहुणचार करणाऱ्याने ठरवावे, ही उलटापालट आमच्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्यांना चटका लावून जाते.

६

अशा व्ह्यूला आत घेताना यजमान आणि पाहुणा यांच्यात चार बाबींचा करार व्हावा लागतो. पहिली बाब जागेची. चौकट लहान-मोठी झाली की आतल्यानेही त्या प्रमाणात व्हायचे. दुसरी बाब वर-खाली असण्याची आणि काठावर कापले जाण्याची. तिसरी लक्ष कोणाकडे याची. कळफलकावरचे बोट यजमानाचे अक्षर उमटवते आहे की पाहुण्याचे, आणि टॅब दाबत दाबत पाहुण्याच्या घरात शिरलेल्याला बाहेरची वाट सापडणार का? चौथी जन्ममृत्यूची. पाहुण्याला जन्म कोणी दिला आणि त्याची उत्तरक्रिया कोणी करायची? दोघांनी केली तर प्रोग्राम कोसळतो, कोणीच केली नाही तर स्मृती व्यापून बसणारी प्रेते साचत जातात. आराखड्याच्या वेळी आणखी एक पाचवा प्रश्न असतो, तो वर आलाच आहे: तालमीला खुर्ची ठेवायची की नट? ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात १९९६ पासून रुळलेल्या व्हीएसटी जोडभागांत हा करार सर्वांत नीट दिसतो. यजमान प्रोग्राम जोडभागाला केवळ एका जागेचा पत्ता देतो, आणि त्या जागी जोडभाग आपला नेटिव्ह व्ह्यू स्वतः आणून उभा करतो.

एवढा खटाटोप कशासाठी? नक्कल जर हुबेहूब साधत असेल तर अस्सलाचे ओझे का वाहायचे? बटणापुरते उत्तर 'वाहू नये' असेच आहे. बटण रंगवणे सोपे. मजकूरपेटी रंगवणे मात्र सोपे नाही आणि देवनागरीची मजकूरपेटी रंगवणे तर नाहीच.

'कि' लिहिताना आधी क येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, युनिकोडमध्ये साठवलेही जाते तसेच. पण वेलांटी काढायची क च्या आधी. जोडाक्षरे, रफार, अर्धा र ही सारी रूपे साठवलेल्या संकेतांतून क्षणोक्षणी घडवावी लागतात. मराठीला त्यात आणखी एक स्वतःची गरज आहे. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीला त्यावाचून चालत नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरीची जुळणी करणारे यंत्र कार्यप्रणालीतच आले आणि सोबत मंगल हा टंकही आला; तिथल्या नेटिव्ह मजकूरपेटीला ते आयते मिळाले. जी चौकट आपले अक्षर आपणच रंगवत होती तिला मात्र हे ज्ञान वेगळे शिकावे लागले. स्विंगला हिंदीसाठी देवनागरी येऊ लागली ती २००२ च्या जावा १.४ मध्ये.

आमचा स्वतःचा अनुभव याच सुमाराचा आहे. आम्ही काही अध्यापक मिळून एका बोलीचा शब्दसंग्रह करत होतो. नोंदी भरण्यासाठी एक तयार प्रोग्राम घेतला होता. इंग्रजीत तो देखणा होता. आमच्या नोंदी त्यात गेल्या की वेलांट्या अक्षरांच्या उजवीकडे पडत, अर्धा र पाय मोडून खाली बसे आणि खोडण्याची कळ दाबली की अक्षराऐवजी अक्षराचा अवयव गळे. आमच्यातल्या एकाने एका पानावर 'आचाऱ्यांना' हा शब्द चार वेळा लिहून पाहिला आणि चारही वेळा तो मोडला. ज्या बोलीतले शब्द आधीच विस्मरणात चालले होते ते आम्ही जतन करत होतो की त्यांचे शेवटचे वाभाडे काढत होतो, असा प्रश्न त्या संध्याकाळी आम्हांला पडला.

महाविद्यालयाच्या एका माजी विद्यार्थ्याने उपाय सुचवला. प्रोग्रामला जोडभाग स्वीकारण्याची सोय होती. त्याने एक कंट्रोल लिहिला आणि त्याच्या आत कार्यप्रणालीची नेटिव्ह मजकूरपेटी बसवली. अक्षरे सरळ झाली. आम्ही आनंदलो, पण दुसऱ्याच दिवशी दुसरे दुखणे सुरू झाले. यादी वर सरकवली की बाकी नोंदी सरकत आणि मजकूरपेट्या मात्र क्षणभर जागच्या जागी लटकत. वर्गवारीची यादी उघडली की तिच्यावर मजकूरपेटी तरंगे. टॅब दाबला की लक्ष पेटीत शिरे आणि तिथेच अडकून राही. अखेरीस त्याने युक्ती केली. नोंद नुसती दिसत असताना तिचे चित्र दाखवायचे आणि त्यावर टिचकी मारली की तेवढ्यापुरती एकच नेटिव्ह पेटी आणून त्या जागी ठेवायची. लिहून झाले की पुन्हा चित्र.

पुढे आम्हांला समजले की ही युक्ती नवी नव्हती. नेक्स्टच्या काळापासून एका खिडकीतल्या सगळ्या मजकूररकान्यांमध्ये मिळून एकच खरा मजकूर-व्ह्यू असतो. त्याला फील्ड एडिटर म्हणतात. रकान्यात शिरलो की तो तिथे येऊन बसतो, बाहेर पडलो की पुढच्या रकान्यात जातो. गावात एकच लिहिणारा कुलकर्णी असावा आणि ज्याला गरज पडेल त्याच्या ओसरीवर त्याने जाऊन बसावे, तशी ही व्यवस्था. म्हणजे ज्याला आपण अस्सल नेटिव्ह रकाना समजत होतो तोही बहुतेक वेळ चित्रच असतो. अस्सलपणा हा वस्तूचा कायमचा गुण नसून लिहिण्याच्या क्षणी पुरवली जाणारी सेवा आहे, हे त्या विद्यार्थ्याने आम्हांला शिकवले.

७

आज हे चित्र बदलले आहे. अक्षरजुळणीचे काम करणारे हार्फबझ नावाचे खुले यंत्र अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांत वापरले जाते. त्याचे नाव फारसीतून आले आहे आणि त्याचा अर्थ खुले अक्षर असा होतो. त्यामुळे आपले अक्षर आपणच रंगवणाऱ्या चौकटींनाही 'आचाऱ्यांना' नीट लिहिता येते. ज्ञान एकट्या घराण्याच्या मालकीचे राहिले नाही म्हणून नक्कल सुधारली. तरीही काही गोष्टी अजून घराण्याकडून मागाव्या लागतात. कळफलकाच्या विविध पद्धती, बोलून लिहिणे, आणि विशेषतः अंध वाचकाला पडदा वाचून दाखवणारे साधन. रंगवलेली पेटी डोळ्यांना पेटी दिसते, पण त्या साधनाला ती केवळ रंगीत ठिपक्यांचा पुंजका असते; तिने आपली ओळख कार्यप्रणालीला वेगळी कळवली तरच तिला नाव मिळते. डोळस माणसाला हुबेहूब वाटणारी नक्कल दुसऱ्या कोणासाठी बंद दार ठरू शकते, हे नकलेची स्तुती करताना विसरता येणार नाही.

देशी आणि परके यांच्या वादात आपण सहसा दोनच पर्याय समोर ठेवतो: परक्याचे अनुकरण करावे किंवा आपले तेवढे जपावे. चौकटीत व्ह्यू बसवणाऱ्यांच्या या इतिहासात तिसरा पर्याय दिसतो. तो कष्टाचा आहे. दुसऱ्याला त्याच्या अस्सल रूपात आपल्या घरी जागा द्यायची आणि जागा, क्रम, लक्ष व जन्ममृत्यू यांचा करार बारकाईने लिहायचा. त्यात सावल्या नीट पडत नाहीत, कोपरे जुळत नाहीत, कधी पाहुणा यादीवर तरंगतो. अनुवाद करणाऱ्यांना आणि बोलीतले संवाद प्रमाणभाषेच्या कादंबरीत आणणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. आमच्या शब्दसंग्रहाचे काम त्या एकाच फिरत्या पेटीवर पुढे गेले. 'आचारी' या नोंदीखाली आम्ही चतुर्थीचे अनेकवचन मुद्दाम पूर्ण लिहून ठेवले आहे. नवा संगणक आला किंवा नवी चौकट आली की आधी ती नोंद उघडून पाहण्याची आमच्यात रीत पडली आहे.